जागृती कोणाची करावयाची?

'जनजागृती' हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. नोव्हेंबर महिना उजाडून बालदिन जवळ आला की आपल्या शहरांतून मुलांच्या प्रभातफेऱ्या निघू लागतात. मुलांच्या हाती फलक असतात, फलकांवर मुलांच्या हक्कांची घोषवाक्ये असतात, आणि ज्यांनी ती घोषवाक्ये वाचावयाची ती वडीलधारी मंडळी हाती चहाचा पेला घेऊन गॅलरीतून फेरीचे कौतुक करीत असतात. मुलांचे रक्षण कोणी करावे, तर मोठ्यांनी. आणि त्यासाठी उन्हात घसा कोरडा करून ओरडावे कोणी, तर मुलांनी! या विपर्यासाचे कोणास हसूही येत नाही, इतका तो आपल्या अंगवळणी पडला आहे.

वर्षाच्या उरलेल्या दिवसांत हीच जागृती झोपडवस्तीत, ऊसतोड मजुरांच्या तळावर किंवा आदिवासी पाड्यावर नेली जाते. तेथे व्याख्याने होतात, पथनाट्ये होतात, पत्रके वाटली जातात. हे काम निरर्थक आहे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा सुमारे २२ जणींचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वीच लागले होते, असे आढळले. ज्या प्रांतात अजून ही स्थिती आहे, तेथे गावोगाव हिंडून बालविवाहाविरुद्ध बोलणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे आम्ही आदराने मान लववितो. आमचा आक्षेप निराळा आहे. अज्ञान तेवढे पाड्यावर आणि जागृती तेवढी आमच्या घरी, अशी जी वाटणी सुशिक्षित वर्गाने मनाशी करून ठेवली आहे, ती खोटी आहे. मुलांच्या रक्षणाच्या एका फार मोठ्या बाबतीत सर्वांत गाढ झोप जर कोणास लागली असेल, तर ती या मासिकाच्या वाचकवर्गास, म्हणजे तुम्हांआम्हांस. ती बाब म्हणजे मुलांवर घरात, नात्यात आणि ओळखीत होणारे लैंगिक अत्याचार.

हा विषय कौटुंबिक मासिकात कशाला, असे म्हणून पान उलटण्यासाठी काही हात आताच पुढे झाले असतील. त्यांस आमची एवढीच विनंती आहे की, पान उलटण्यापूर्वी काही आकडे पाहावेत. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांस त्या पाहणीत प्रश्न विचारले होते, आणि त्या राज्यांत महाराष्ट्रही होता. त्या मुलांपैकी शेकडा ५३ हून अधिक जणांनी एका ना एका प्रकारचा लैंगिक अत्याचार आपणांवर झाल्याचे सांगितले. त्यांत मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलांच्या ओळखीचे आणि विश्वासाच्या स्थानी असलेले होते. बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणासही सांगितलेली नव्हती. पोलिसांपर्यंत पोहोचणाऱ्या बालकांवरील बलात्काराच्या गुन्ह्यांकडे पाहावे, तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांतून वर्षानुवर्षे हेच दिसून येते की, दहांपैकी नऊंहून अधिक प्रकरणांत आरोपी हा मुलाच्या ओळखीचा असतो.

आता आपण मुलांस काय शिकवितो ते पाहा. अनोळखी माणसाने दिलेला खाऊ घेऊ नकोस. पोरे पळविणारा येईल. झोळीवाला बुवा उचलून नेईल. आपली सारी सावधगिरी दाराबाहेरच्या माणसासाठी राखून ठेवलेली आहे. दाराआड जो पाहुणा म्हणून येतो, जो शिकवणी घेतो, जो 'घरचाच' म्हणविला जातो, त्याच्यापासून सावध राहण्याचा एक शब्दही आपण मुलाच्या पदरी बांधीत नाही. उलट, त्याच्या स्वाधीन होण्याचे शिक्षण मात्र आपण नित्य देत असतो. लहान मूल एखाद्या नातलगाजवळ जावयास नाखूष असते. ते आईच्या पदराआड लपते. त्यावर आपण काय म्हणतो? "असे काय करतेस? काकांना पापी दे बघू! शहाणी मुलगी ना तू?" मूल रडते, सगळे हसतात, आणि त्यास उचलून त्या मांडीवर बसविण्यात येते. त्या क्षणी ते मूल दोन धडे शिकते. पहिला हा की, आपल्या शरीरावर आपला हक्क नाही. आणि दुसरा हा की, आपण नाही म्हटले तरी ते ऐकले जात नाही. हे दोन धडे ज्याने पक्के गिरविले आहेत, त्यास छळणे किती सोपे असते, हे छळणाऱ्यास पुरते ठाऊक असते. आज्ञाधारकपणा हाच ज्या घरात मुलाचा एकमेव सद्गुण मानला जातो, त्या घराने आपल्या मुलाच्या हातातील एकमेव शस्त्र आपणच काढून घेतलेले असते.

आणि इतके असूनही एखादे मूल धीर करून बोललेच, तर? प्रथम त्याजपाशी बोलावयास शब्दच नसतात. कारण शरीराच्या ज्या अवयवांची नावे आपण त्यास कधी सांगितली नाहीत, त्या अवयवांविषयीची तक्रार ते कोणत्या भाषेत करणार? ते म्हणते, "मला त्यांच्याकडे शिकवणीला जायचे नाही." आपण म्हणतो, "अभ्यास टाळतोस!" ते म्हणते, "ते मला आवडत नाहीत." आपण म्हणतो, "मोठ्या माणसांविषयी असे बोलू नये." शेवटी ते कसेबसे खरे काय ते सांगते, आणि मग घरात जी कुजबुज सुरू होते तिचा विषय मूल नसते. ही गोष्ट खालच्या मजल्यावर कळली तर काय होईल, वहिनींच्या माहेरी काय म्हणतील, धाकटीचे लग्न व्हावयाचे आहे त्याचे काय, हे त्या कुजबुजीचे विषय असतात. 'आपलेच दात आणि आपलेच ओठ' ही म्हण अशा वेळी हमखास कोणीतरी उच्चारतो. झाकली मूठ झाकलेलीच राहते. त्या नातलगाचे येणेजाणे थोडे कमी होते एवढेच. आणि पुढच्या कार्यात तोच सर्वांबरोबर पंगतीस बसतो, आणि त्याच्या ताटात वाढावयास त्याच मुलीस पाठविले जाते. या सर्व प्रकारास आपण 'घराची अब्रू राखणे' असे म्हणतो.

आम्हांस विचारावयाचे आहे ते हे की, ही अब्रू कोणाची आणि तिची किंमत कोण देतो? चोरी झाली तर अब्रू चोराची जाते, ज्याच्या घरी चोरी झाली त्याची नव्हे. मग याच एका गुन्ह्यात अब्रू गुन्हेगाराची शाबूत राहून लहान मुलाची कशी जाते? कुंपणानेच शेत खाल्ले, तर कुंपणाची लाज झाकण्यासाठी शेतावर माती लोटावयाची, हा कोठला न्याय? आमच्या मते घराची अब्रू हा या व्यवहारात निव्वळ एक पडदा आहे. मोठ्या माणसांस एकमेकांशी वाकडे यावयाचे नसते, आणि त्या सोयीचे मोल मुलाकडून वसूल केले जाते.

घरच्या गोष्टीत बाहेरच्याने हात घालू नये, हा युक्तिवाद काही आजचा नाही; महाराष्ट्राने तो एकदा फार मोठ्याने ऐकला आहे. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ साली बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांविषयी आपली टिपणे प्रसिद्ध केली, आणि पुढे १८९१ साली संमतिवयाचे विधेयक आले. दरम्यान १८९० साली कलकत्त्यास फुलमणी नावाची अवघी दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीच्या बळजबरीने मरण पावली होती. आणि तेव्हाच्या कायद्याने वयाची मर्यादा दहाचीच असल्यामुळे पतीवर बलात्काराचा आरोप ठेवता आला नव्हता. ती मर्यादा दहावरून बारावर न्यावी, एवढेच नव्या विधेयकाचे मागणे होते. त्यावर पुण्यात केवढे रण माजले! आगरकरांचा 'सुधारक' एका बाजूस, टिळकांचा 'केसरी' दुसऱ्या बाजूस. डॉक्टर भांडारकरांसारखे पंडित धर्मशास्त्राचेच आधार काढून विधेयकाचे समर्थन करीत होते. विरोधकांचे म्हणणे असे की, सुधारणा समाजाने आपण होऊन करावी. परक्या सरकारने आमच्या घरात व धर्मात ढवळाढवळ करू नये. मार्च १८९१ मध्ये कायदा झाला आणि तो वाद इतिहासजमा झाला.

त्या विरोधकांस मुलींचा छळ प्रिय होता, असे म्हणण्याइतके आम्ही अनुदार नाही. सरकार परके होते, आणि परक्याच्या हेतूविषयी संशय घेणे अस्वाभाविक नव्हते. परंतु आज तो आधारही उरलेला नाही. आजचे कायदे आपल्या प्रतिनिधींनी केलेले आहेत. बालहक्कांविषयीचा जो करार संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली संमत केला, तो भारताने १९९२ साली आपण होऊन स्वीकारला. छळापासून संरक्षण मिळणे हा मुलाचा हक्क आहे, आणि त्याच्यासंबंधीच्या गोष्टीत त्याचे म्हणणे ऐकले जाणे हाही त्याचा हक्क आहे, असे तो करार सांगतो. तेव्हा 'घरची बाब' हे आजचे पालुपद म्हणजे १८९१ च्या युक्तिवादाची शिळी कढी होय. आणि त्यात मूळचा स्वाभिमानाचा अंशही राहिलेला नाही.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा जो अधिनियम २०१२ साली झाला आणि ज्यास सामान्यतः 'पोक्सो' म्हणतात, तो त्याच वर्षीच्या बालदिनी अमलात आला. त्याचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. परंतु त्यातील जी कलमे थेट तुम्हांआम्हांस उद्देशून आहेत ती किती जणांनी वाचली आहेत? अठरा वर्षांखालील कोणत्याही बालकावर असा गुन्हा झाल्याचे ज्यास कळले असेल, किंवा तो होईल अशी ज्यास भीती वाटत असेल, त्या कोणाही व्यक्तीने ती माहिती पोलिसांस दिलीच पाहिजे, असे एकोणिसावे कलम सांगते. 'कोणाही व्यक्तीने' या शब्दांत आई आली, आजोबा आले, शिक्षक आले, डॉक्टर आले आणि शेजारीही आला. माहिती न देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आपल्या हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा दडविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत. म्हणजे ज्यास आपण घराण्याची अब्रू राखणे म्हणतो, त्यास कायदा गुन्हा म्हणतो. चंद्रपूर जिल्ह्यातील एका वसतिगृहात आदिवासी मुलींवर झालेल्या अत्याचारांच्या प्रकरणात, माहिती असून ती न दिल्याचा आरोप एका डॉक्टरवर होता. उच्च न्यायालयाने त्याच्यापुरता गुन्हा रद्द केला होता; सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली तो निर्णय फिरविला, आणि अशा गुन्ह्याची खबर तत्काळ व नीट दिली जाणे ही अत्यंत महत्त्वाची गोष्ट आहे असे बजावले.

यावर जे आक्षेप नेहमी घेतले जातात त्यांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की, पोलीस आणि कोर्ट यांच्या फेऱ्यात मुलाचे अधिकच हाल होतात. हे भय खोटे नाही. पण कायद्याने ते ओळखले आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्यास सोयीच्या जागी घ्यावा, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने घ्यावा, अधिकारी गणवेषात नसावा, मुलास रात्री पोलीस ठाण्यात ठेवू नये, साक्षीच्या वेळी आरोपी त्याच्या दृष्टीस पडू नये, त्याचे नाव कोठेही छापू नये, खटला शक्य तो एका वर्षात संपवावा, असे सारे त्यात लिहिलेले आहे. हे सर्व प्रत्यक्षात पाळले जाते काय? पुष्कळदा नाही, खटले वर्षानुवर्षे लोंबकळतात हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु कायदा नीट पाळला जात नसेल, तर तो पाळावयास लावण्यासाठी ओरड करणे हे सुशिक्षितांचे काम. तक्रारच न करणे हा त्यावरील उपाय नव्हे. जो वर्ग पाण्याच्या नळासाठी महापालिकेत दहा अर्ज करतो, त्याने न्यायाच्या दिरंगाईचे निमित्त सांगून गप्प बसावे हे त्यास शोभत नाही.

दुसरा आक्षेप खोट्या तक्रारींचा. कायद्याने त्याचाही विचार केला आहे: सूडबुद्धीने खोटी तक्रार करणाऱ्या प्रौढास शिक्षा आहे; सद्भावनेने खबर देणाऱ्यास संरक्षण आहे. खरे-खोटे ठरविणे हे न्यायाधीशाचे काम, दिवाणखान्यात बसलेल्या चार आप्तांचे नव्हे. त्या चौघांत बहुधा आरोपीचा भाऊ असतो, हे विसरून कसे चालेल?

तिसरा आक्षेप मात्र आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींचे परस्पर प्रेम हेही या कायद्याच्या कचाट्यात सापडते, आणि अशा प्रकरणांत कित्येक कोवळे तरुण तुरुंगात जातात. न्यायालयांनीही या अडचणीकडे अनेकदा लक्ष वेधले आहे, आणि तिचा विचार विधिमंडळाने अवश्य करावा. पण या खटल्यांत तक्रार घेऊन धावत जाणारे कोण असतात? बहुधा मुलीचे आईबापच. मुलगी आपल्या पसंतीच्या, आणि अनेकदा दुसऱ्या जातीच्या, मुलाबरोबर गेली की जे घर रातोरात पोलीस ठाणे गाठते, तेच घर नात्यातल्या माणसाने सात वर्षांच्या मुलीस छळले तर वर्षानुवर्षे ठाण्याचा रस्ता विसरते! दोन्ही वेळी कायदा एकच, मुलगीही एकाच घरची; मग वागणूक दोन तऱ्हांची का? कारण दोन्ही वेळी विचार मुलीच्या हिताचा नसतो, घराच्या नावाचा असतो. अब्रूसाठी बोलणे आणि अब्रूसाठी गप्प बसणे, ही एकाच नाण्याची दोन तोंडे आहेत. आणि त्या नाण्यावर मुलाचा मुखवटा कोठेच नाही.

२०२४ सालच्या ऑगस्टमध्ये बदलापूर येथे शाळेतच दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. तक्रार नोंदविण्यास झालेल्या विलंबाने लोक खवळले, आणि २० ऑगस्ट रोजी त्यांनी तासन्‌तास रेल्वेमार्ग रोखून धरला. पुढच्याच महिन्यात आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना गोळी लागून मेला, आणि पुष्कळांनी न्याय झाला म्हणून निःश्वास टाकला. लोकांचा तो संताप खरा होता, त्यास आम्ही नावे ठेवीत नाही. तो रुळांवर उतरला नसता, तर ते प्रकरण कदाचित दडपलेही गेले असते. पण शाळेतील सफाई कर्मचाऱ्यावर संतापणे सोपे असते. तो आपल्या पंगतीस बसत नाही. ज्यांनी त्या दिवशी फाशीची मागणी केली, त्यांतील किती जणांनी त्या रात्री घरी येऊन आपल्या मुलास जवळ घेऊन विचारले असेल, "बाळ, तुला कोणी त्रास देते का? कोणीही असो, मला सांग, मी रागावणार नाही"? या प्रश्नास रेल्वे रोखण्याहून अधिक धैर्य लागते. कारण त्याचे उत्तर आपल्याच घरातील एखाद्या नावाने येण्याचा संभव असतो.

तेव्हा जागृती करावयाची ती येथे, आणि तिला फलक नको, फेरी नको. मुलास त्याच्या शरीराच्या अवयवांची नावे साध्या मराठीत सांगावीत. त्याने एखाद्याजवळ जाण्यास नकार दिला तर तो नकार, पाहुणा कितीही मानाचा असला तरी, मानावा. त्याने काही सांगितले तर आधी विश्वास ठेवावा, आणि 'तू तेव्हाच का नाही बोललास' हे वाक्य जिभेवर आले तरी गिळावे. शिकवणी, क्रीडावर्ग, शाळेची गाडी यांच्या चालकांस विचारपूस करताना भीड बाळगू नये. आणि गुन्हा झाल्याचे कळले तर त्याची वाच्यता नात्याच्या बैठकीत न करता पोलिसांकडे करावी. १०९८ हा दूरध्वनी मुलांसाठीच आहे. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून तो सुरू झाला, आणि आज देशभर त्यावर विनामूल्य बोलता येते. हा क्रमांक आपल्यापैकी किती घरांत मुलांस पाठ आहे? पाढे पाठ असतात, स्तोत्रे पाठ असतात. हे चार आकडे तेवढे जड का व्हावेत?

हे वाचून काही वाचक आम्हांस म्हणतील की, तुम्ही घराघरांत संशयाचे विष कालविता. विष आम्ही कालविलेले नाही. ते आधीच आहे, आणि ते मुलाच्या पेल्यात आहे. ज्या घरातील माणसे निर्दोष आहेत, त्यांस मुलाच्या मोकळ्या बोलण्याचे भय का वाटावे? आणि ज्यास भय वाटते, त्याच्या सोयीसाठी साऱ्या घराने मौन का पाळावे?

या अंकाचे वाचन बहुधा रात्री जेवणे आटोपल्यावर, मुले निजल्यावर होईल. उद्या सकाळी ती उठतील तेव्हा त्यांच्याशी बोलावे, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.